विश्लेषण : माठ, फरशी आणि विमान… छोट्या कॉम्पोझिट विमानांची वार्षिक तपासणी कशी होते?

उन्हाळा तोंडावर आला की हिंगणघाट-वडनेर पट्ट्यातील बाजारांत माठांचे ढीग लागतात. घेणारा आधी माठ हातात तोलतो, मग बोटाने त्यावर चार ठिकाणी टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर माठ घरी येतो. बद्द आला तर तो बाजूला ठेवला जातो, मग तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो.

हीच टिचकी, याच कारणासाठी, विमानाच्या पंखावरही मारली जाते. काचतंतू आणि कार्बन तंतूंपासून बनलेल्या छोट्या विमानांच्या वार्षिक तपासणीत आजही अभियंत्याचे कान आणि बोटे ही महत्त्वाची हत्यारे आहेत. ही तपासणी नेमकी कशाची होते, विदर्भातील उन्हाचा तिच्याशी काय संबंध आणि तिच्यातून काय निसटू शकते, याविषयी…

विदर्भासाठी हा विषय महत्त्वाचा का?

नागपूर-हैदराबाद महामार्गावरील वडनेरला धावपट्टी नाही. पण येथून नागपूर, अमरावती आणि गोंदिया ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत आणि तिन्ही ठिकाणांचा वैमानिक प्रशिक्षणाशी संबंध आहे. नागपुरात जुना फ्लाइंग क्लब आहे. गोंदियाजवळील बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेने डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही विमाने प्रशिक्षणासाठी वापरली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी उभी राहत असून तिच्यासाठी कंपनीने ३४ विमाने मागवली. त्यांपैकी ३१ पायपर कंपनीची एक इंजिनाची आणि ३ डायमंडची दोन इंजिनांची आहेत.

पायपर किंवा सेसना ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याची विमाने. डायमंडची मात्र जवळपास पूर्णपणे कॉम्पोझिट. म्हणजे एकाच आवारात दोन वेगवेगळ्या स्वभावांची विमाने सांभाळायची वेळ येते आणि दोघांना एकच मोजपट्टी लावून चालत नाही.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातील १०० तास विद्यार्थी स्वतः विमानाचा मुख्य वैमानिक असतो आणि त्यातील बराच काळ तो विमानात एकटाच असतो. लाखोंचे कर्ज काढून शिकणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ज्या पंखांवर भरवसा ठेवून वर जाते, ते पंख ठीक आहेत याची खात्री दुसऱ्याच कुणीतरी केलेली असते. त्या माणसाशी विद्यार्थ्याची भेटही झालेली नसते. हातात असते ती लॉगबुकातील सही.

कॉम्पोझिट म्हणजे काय?

विदर्भातील जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती आठवा. पऱ्हाट्या किंवा तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा द्यायचा. नुसत्या काड्या वाऱ्याने वाकतात, नुसती माती भेगाळून गळून पडते. दोन्ही एकत्र आल्या की भिंत उभी राहते. कॉम्पोझिटचे तत्त्व हेच. काड्यांच्या जागी काचेचे किंवा कार्बनचे केसाहून बारीक तंतू आणि मातीच्या जागी एपॉक्सीसारखे रेझिन. तंतू ताण सोसतात, रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते. वजन कमी ठेवण्यासाठी अनेक भागांत दोन पातळ थरांच्या मध्ये हलक्या फोमचा गाभा असतो.

तंत्रज्ञान नवे नाही. जर्मनीत स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले ‘एफएस-२४ फिनिक्स’ हे काचतंतूंचे पहिले ग्लायडर नोव्हेंबर १९५७ मध्ये उडाले. भारतात बेंगळूरुच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने घडवलेले ‘हंसा’ हे दोन आसनी कॉम्पोझिट विमान नोव्हेंबर १९९३ मध्ये पहिल्यांदा आकाशात गेले आणि पुढे देशातील फ्लाइंग क्लबांना मिळाले. नागपूरला तर हा पदार्थ चांगलाच परिचयाचा आहे. बोईंग ७८७ ड्रीमलायनर या विमानाच्या जमिनीखालील कॉम्पोझिट तुळया मिहानमधील कारखान्यात तयार झाल्या आहेत.

कॉम्पोझिट गंजत नाही. पत्र्याला वारंवारच्या ताणाने जसे तडे जातात, तसे ते सहजासहजी जात नाहीत. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने हवा कमी अडते आणि इंधन वाचते. मग अडचण कुठे आहे?

धातू बोलतो, कॉम्पोझिट गप्प का राहते?

पत्र्याच्या डब्यावर हातोडी पडली की पोचा पडतो. तो कुणी लपवू म्हटले तरी लपत नाही. धातूचे विमान असेच असते. धक्का बसला की ते त्याची खूण अंगावर बाळगते. रिव्हेट सैल झाला की त्याभोवती काळसर डाग दिसतो, गंज लागला की रंग फुगतो.

कॉम्पोझिटच्या पंखावर पान्हा पडला, तर बाहेरचा थर क्षणभर आत दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. वरून पाहिले तर रंगही शाबूत. आत मात्र दोन थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात, गाभ्याचा फोम चेपलेला असू शकतो किंवा आतल्या बाजूचे तंतू तुटलेले असू शकतात. धक्का बाहेरून बसतो आणि इजा आत होते. विमान अभियांत्रिकीत या जेमतेम दिसणाऱ्या नुकसानीचा विचार रचना ठरवतानाच केला जातो. एवढी इजा असूनही पंखाने ठरलेला भार पेलला पाहिजे, अशी अपेक्षा असते. पण ही सवलत अमर्याद नाही. सुटलेला थर प्रत्येक उड्डाणात थोडा थोडा आणखी सुटू शकतो.

म्हणून कॉम्पोझिट विमानाच्या तपासणीत ‘दिसत नाही, म्हणजे नाही’ हे गृहीतक चालत नाही.

तास मोजले जात असताना वर्षाची अट कशाला?

प्रशिक्षण विमानांची तपासणी दोन घड्याळांवर चालते. पहिले उड्डाणाच्या तासांचे. निर्मात्याच्या देखभाल पुस्तिकेनुसार ५०, १००, २०० तास आणि पुढे १,००० तास अशा टप्प्यांवर वाढत्या खोलीच्या तपासण्या असतात. रोज पाच तास उडणारे विमान वीस दिवसांत १०० तास पूर्ण करते.

दुसरे घड्याळ दिनदर्शिकेचे. ऊन, दमट हवा, साचलेले पाणी, उंदीर आणि माश्या यांना विमान उडाले की नाही याच्याशी देणेघेणे नसते. सहा महिने हँगरबाहेर नुसते उभे राहिलेले विमान तासांच्या हिशेबात ‘नवे’ असते, पण त्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा अंगावर काढलेला असतो. रबराच्या नळ्या, सील, रंग आणि चिकटवलेले जोड उभ्या उभ्याच म्हातारे होतात. म्हणून विमान कमी उडाले असले, तरी ठरलेल्या मुदतीत ते उघडून पाहणे भाग असते.

अमेरिकेत दर १२ महिन्यांनी वार्षिक तपासणी सक्तीची आहे. भाड्याने किंवा शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानाला त्याशिवाय दर १०० तासांची तपासणी लागते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार विमानाला एक वर्ष मुदतीचे ‘एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट’ लागते. ते देताना विमानाची प्रत्यक्ष पाहणी होते आणि कागदपत्रेही तपासली जातात. ठरलेल्या सर्व तपासण्या झाल्या का, निर्मात्याने आणि नियामकाने काढलेल्या सुरक्षा सूचना अमलात आल्या का, मुदत संपलेले सुटे भाग बदलले का, आधीच्या दुरुस्त्या मान्य पद्धतीने झाल्या का, हे सारे त्यात येते.

प्रत्यक्ष तपासणीत काय काय पाहतात?

पहिले काम धुण्याचे. धूळ आणि तेलाच्या थराखाली काहीच दिसत नाही, म्हणून विमान आधी स्वच्छ होते. मग आसने, फरशीचे फलक, पंखांवरील आणि शेपटीकडील झाकणे उघडली जातात. त्यानंतर बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन अभियंता आत डोकावू लागतो. क्रम साधारण असा असतो.

पृष्ठभाग : बॅटरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरतात. तिरप्या उजेडात किंचित खळगा किंवा फुगवटाही सावली टाकतो. रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या, तर त्या फक्त वरच्या लेपात आहेत की खाली तंतूंपर्यंत गेल्या आहेत, हे हलक्या हाताने घासून पाहतात. काचतंतूंचा थर दुखावला असेल, तर तो भाग पांढुरका दिसतो.

पंखांची मुळे : पंख धडाला जिथे बोल्टने जोडले जातात, तिथे सगळा भार एकवटतो. बोल्टभोवतीच्या धातूच्या बुशमध्ये खेळ आला आहे का, ती बसवलेल्या जागी हलते का, हे पाहतात. पंखाचे टोक धरून हलवतात आणि कुठे कुरकुर किंवा खट्‌ आवाज येतो का, ते ऐकतात.

चाकांचे जोड : शिकाऊ वैमानिकाच्या हातून विमान आपटून उतरणे नवलाचे नाही. तो धक्का चाकांच्या आधारातून धडात शिरतो. त्यामुळे आधाराभोवतीचा भाग आणि जवळच्या आडव्या भिंतींचे चिकटवलेले जोड बारकाईने पाहतात.

हलते भाग : एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर यांच्या बिजागऱ्या, दांडे आणि तारा तपासतात. यातील एखादा भाग पुन्हा रंगवला असेल, तर त्याचे वजन आणि तोल पुन्हा मोजावे लागतात. रंगाचा जादा थरही तोल बिघडवू शकतो आणि वेगात असताना तो भाग फडफडू लागण्याचा धोका वाढतो.

पाण्याची भोके : पंखांच्या आणि धडाच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. कुंभारीण माशी त्यांत मातीचे घर करते. छिद्र बुजले की पावसाचे पाणी आतच राहते. काडी आणि बॅटरी घेऊन प्रत्येक छिद्र मोकळे असल्याची खात्री करणे हे काम किरकोळ वाटते, पण ते टाळता येत नाही.

मग टिचकी कशाला?

नव्या घराचा ताबा घेताना जाणकार माणूस काठीने फरशी ठोकत फिरतो. खाली सिमेंट नीट बसले नसेल, तर ती फरशी पोकळ वाजते. कॉम्पोझिटची टिचकी तपासणी हीच. नाण्याने किंवा छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने पृष्ठभागावर हलके ठोके देत पुढे सरकायचे. थर एकजीव असतील तर आवाज स्वच्छ, टणक येतो. खाली थर सुटला असेल तर आवाज बसका होतो.

ऐकायला सोपे, करायला अवघड. पंखाच्या आत जिथे तुळई आहे तिथे आवाज वेगळा, जिथे फोमचा गाभा आहे तिथे वेगळा, जिथे जाडी बदलते तिथे आणखी वेगळा. हे सगळे आवाज निरोगी विमानाचे आहेत. त्यातून आजारी आवाज ओळखायचा असेल, तर निरोगी आवाज आधी कानात बसलेला असावा लागतो. म्हणून अनुभवी अभियंता एका पंखावर शंका आली की दुसऱ्या पंखावर नेमक्या त्याच जागी ठोकून पाहतो. दोन्ही पंख सारखेच बनलेले असतात. आवाज वेगळा आला, तर कारण शोधावे लागते. शेजारी इंजिन सुरू असताना किंवा हँगरमध्ये रेडिओ चालू असताना ही तपासणी करायची नसते.

टिचकी कुठे कमी पडते?

याचे मोठे उदाहरण छोट्या विमानाचे नाही, प्रवासी विमानाचे आहे. ६ मार्च २००५ रोजी एअर ट्रान्सॅट कंपनीचे एअरबस ए-३१० विमान क्युबातील वाराडेरोहून कॅनडातील क्युबेककडे निघाले होते. सुमारे ३५ हजार फुटांवर मोठा आवाज झाला आणि विमान डोलू लागले. वैमानिकांनी ते माघारी वळवून सुखरूप उतरवले. खाली पाहतात तर शेपटीवरील रडरचा बहुतेक भाग गळून पडला होता. रडर कार्बन तंतूंच्या थरांचा आणि मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याचा होता.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या तपासाचा निष्कर्ष डोळे उघडणारा होता. त्या रडरसाठी ठरवून दिलेला तपासणी कार्यक्रमच सर्व प्रकारचे दोष पकडायला पुरेसा नव्हता. म्हणजे नियमाप्रमाणे तपासणी होऊनही दोष आत राहू शकत होता. टिचकीने पृष्ठभागाजवळचा सुटलेला थर कळतो. जाड थराखाली खोलवर किंवा पलीकडच्या बाजूला असलेला दोष तिला कळेलच असे नाही.

शंका असेल तेव्हा पुढची साधने वापरतात. अल्ट्रासाऊंड त्यात पहिले. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच ध्वनिलहर आत सोडायची आणि ती कुठून परत येते ते पाहायचे. दुसरे साधन उष्णतेच्या कॅमेऱ्याचे. पृष्ठभाग किंचित तापवला की सुटलेल्या थरावरची जागा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या गतीने थंड होते आणि चित्रात उठून दिसते. पण ही यंत्रे महाग आहेत, ती वाचणारी प्रशिक्षित माणसे लागतात आणि प्रत्येक छोट्या विमानाच्या प्रत्येक इंचावर ती फिरवली जात नाहीत. कुठे पाहायचे हे आधी माणसालाच ठरवावे लागते.

विदर्भाचे ऊन पंखांना काय करते?

वर्धा-नागपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हे झाले सावलीतील हवेचे तापमान. उन्हात उभ्या गाडीच्या टपावर हात ठेवून पाहिला, की पृष्ठभाग किती तापतो याचा अंदाज येतो.

रेझिनला एक मर्यादा असते. ठरावीक तापमानापुढे ते कडकपणा सोडून मऊ पडू लागते. तंतू तेवढेच मजबूत राहतात, पण त्यांना धरून ठेवणारी पकड ढिली होते. कुडाच्या भिंतीतील माती ओली व्हावी, तसे. गार झाल्यावर ते पुन्हा कडक होते आणि मधल्या काळात काय झाले याची खूण बाहेर उरेलच असे नाही. कॉम्पोझिट विमाने आणि ग्लायडर बहुतेक पांढरीच दिसतात, यामागे हे मोठे कारण आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. काही विमानांत गडद रंग कुठे आणि किती चालेल, हेही निर्माता ठरवून देतो.

डायमंडच्याच डीए-२० या दोन आसनी विमानाच्या पुस्तिकेत सांगाड्याचे तापमान ५५ अंशांपेक्षा जास्त असेल तर उड्डाण करू नये, अशी स्पष्ट मर्यादा आहे. ते कळण्यासाठी विमानाच्या आत सूचकही बसवलेला असतो. ऑस्ट्रियाच्या थंड हवेत जन्मलेल्या विमानाला ही ओळ क्वचित लागत असेल. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ती रोज वाचावी अशी आहे. विमान सावलीत किंवा हँगरमध्ये ठेवणे, उड्डाणे पहाटे आणि सकाळी उरकणे, उघड्यावर आच्छादन घालणे हे उपाय साधे आहेत. पण रेझिनच्या आयुष्याचा हिशेब यांवरच ठरतो.

उन्हाचा दुसरा त्रास अतिनील किरणांचा. ते उघडे पडलेले रेझिन हळूहळू कमकुवत करतात. रंग हे कॉम्पोझिटचे संरक्षण आहे. म्हणून टवका उडालेला रंग वार्षिक तपासणीत ‘दिसायला वाईट’ म्हणून नोंदवून सोडून देत नाहीत, तो बुजवतात. मात्र जुना रंग काढायला धातूवर चालणारी रसायने येथे वापरायची नसतात. ती रंगाबरोबर रेझिनही खातात. तो हाताने, जपून, घासूनच काढावा लागतो.

विजेचे काय?

धातूचे विमान विजेला अंगावरून वाहून नेते. काचतंतू वीज वाहून नेत नाहीत आणि कार्बन तंतू धातूइतके चांगले वाहून नेत नाहीत. १७ एप्रिल १९९९ रोजी इंग्लंडमध्ये डनस्टेबलजवळ ‘एएसके-२१’ या कॉम्पोझिट ग्लायडरवर वीज पडली आणि ते हवेतच फुटले. आतील दोघे पॅराशूटमुळे बचावले. त्या ग्लायडरला विजेपासून संरक्षण नव्हते. आज अनेक कॉम्पोझिट विमानांच्या पृष्ठभागात धातूची बारीक जाळी किंवा वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या घातलेल्या असतात. दुरुस्ती करताना ही जाळी तुटली आणि पुन्हा जोडली गेली नाही, तर वरून पंख नवा दिसतो, पण संरक्षणाची साखळी तुटलेली असते. म्हणून हे विद्युत जोड सलग आहेत का, हे मोजून पाहतात.

दोष सापडला तर दुरुस्ती कशी?

ठिगळ लावून भागत नाही. दुखावलेला भाग काढून टाकतात आणि कडा उताराने घासतात. हा उतार जाडीच्या वीसपट, काही ठिकाणी पन्नासपट लांब असतो, म्हणजे नव्या थरांवर भार हळूहळू चढतो. मग मूळ थरांच्याच क्रमाने आणि दिशेने नवे कापड रेझिनमध्ये भिजवून बसवतात. तंतू कोणत्या दिशेने आहेत यावर ताकद ठरते. तिरकस बसलेला एक थर दिसायला सारखाच दिसतो, पण काम तेवढे करत नाही. रेझिन आणि कडक करणारे द्रव्य यांचे प्रमाण वजन करून घ्यावे लागते. जागेचे तापमान आणि दमटपणा नोंदवावा लागतो. नंतर ठरलेल्या तापमानाला ठरलेले तास ऊब द्यावी लागते. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये घाईत केलेली दुरुस्ती वर्षभर टिकेलही. ती चांगली होती की नाही हे मात्र बाहेरून कळत नाही.

याच कारणाने विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यात धातूची, लाकडाची आणि कॉम्पोझिटची रचना यांचा वेगवेगळा विचार करण्याची पद्धत आहे. पत्र्याच्या कामात वीस वर्षे घालवलेला उत्तम अभियंताही कॉम्पोझिटसाठी नव्याने शिकतो.

मग अपघात सांगाड्यामुळेच होतात का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. एप्रिल २०१७ मध्ये बिरसीहून निघालेले डीए-४२ विमान वैनगंगेवर कोसळून प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा विमान नदीवरील तारेला धडकले होते. प्रशिक्षण विमानांचे अपघात बहुतेकदा कमी उंची, हवामान, इंजिन किंवा निर्णयातील चूक यांमुळे होतात. पंख किंवा शेपटी हवेत तुटण्याच्या घटना विरळा आहेत.

पण त्या विरळा असण्याचे एक कारण म्हणजे नेमाने होणारी तपासणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली, तेव्हा डीजीसीएने त्या संस्थेची सगळी उड्डाणे थांबवली. एका विमानाची कसून तपासणी पुढे ढकलली तर वाचतो एक दिवस. विश्वास गमावला तर संपूर्ण ताफा जमिनीवर येतो आणि विद्यार्थ्यांचे महिने वाया जातात.

तपासणीची सगळ्यात मोठी फट कोणती?

हे सगळे करूनही एक गोष्ट कोणत्याही यंत्राला सापडत नाही. ती म्हणजे न सांगितलेला धक्का.

हँगरमधून विमान बाहेर ढकलताना पंखाचे टोक दाराला लागले. इंधन भरताना शिडी पंखावर टेकली. उतरताना विमान जरा जोरात आपटले. धातूचे विमान असते, तर पोच्याने चुगली केली असती. कॉम्पोझिटच्या बाबतीत हे फक्त तिथे असलेल्या माणसाला माहीत असते. त्याने त्याच दिवशी लिहून ठेवले, तर अभियंत्याला ती नेमकी जागा मिळते. तिथे टिचकी, तिथे बॅटरी, गरज पडली तर तिथेच अल्ट्रासाऊंड. त्याने गप्प राहणे पसंत केले, तर वार्षिक तपासणीत अख्ख्या विमानाच्या पृष्ठभागातून ती तळहाताएवढी जागा शोधावी लागते. ती सापडेलही, पण खात्री नसते.

माणूस गप्प का राहतो, हे कळायला अवघड नाही. मदतनिसाला पगार कापला जाण्याची भीती असते. विद्यार्थ्याला शेरा पडेल असे वाटते. संस्थेला विमान दोन दिवस उभे ठेवणे परवडत नाही. त्यामुळे कॉम्पोझिट विमान चालवणाऱ्या संस्थेची खरी परीक्षा एका प्रश्नाने होऊ शकते. ‘माझ्या हातून पंखाला धक्का लागला’ असे येथे येऊन सांगणाऱ्याचे काय होते? त्याला ओरडा बसत असेल, तर पुढचा माणूस सांगणार नाही. त्याचे आभार मानले जात असतील, तर त्या संस्थेची वार्षिक तपासणी वर्षातले ३६५ दिवस चालू असते.

प्रवेश घेणाऱ्याने आणि पालकांनी काय विचारावे?

प्रशिक्षण संस्था निवडताना शुल्क, विमानांची संख्या आणि हवामान यांची चौकशी सगळेच करतात. त्यात आणखी चार प्रश्न घालता येतील. ताफ्यातील विमाने धातूची आहेत की कॉम्पोझिटची? कॉम्पोझिट असतील, तर ती रात्री आणि दुपारी कुठे उभी राहतात, हँगरमध्ये की उघड्यावर? कॉम्पोझिट दुरुस्तीचा अनुभव असलेला अभियंता संस्थेत आहे, की बाहेरून बोलवावा लागतो? आणि जोरात उतरल्याची नोंद करण्यासाठी विद्यार्थ्यांना काय सांगितले जाते?

विद्यार्थ्यासाठी तर रोजची एक संधी असते. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारायची असते. ती घाईत उरकायची नसते. पंखाच्या कडेवरून उघड्या तळहाताने हात फिरवायचा, तिरप्या उजेडात पृष्ठभाग पाहायचा, काल नव्हती अशी रेघ आज दिसते का ते शोधायचे आणि शंका आली तर चावी परत करून अभियंत्याला बोलवायचे. त्यात कमीपणा नाही.

बाजारात माठ वाजवून घेणारी बाई दुकानदारावर अविश्वास दाखवत नसते. पाणी भरल्यावर घरी पोहोचेपर्यंत तो गळू नये, एवढेच तिला पाहायचे असते. वर्षातून एकदा पंखावर टिचकी मारणारा अभियंता आणि रोज सकाळी त्यावरून हात फिरवणारा विद्यार्थी हेच करत असतात. फरक इतकाच, की येथे बद्द आवाज आला तर त्या दिवशी घरी परत जायचे आणि उद्याची वाट पाहायची. विमान जमिनीवर असतानाच हा निर्णय घेता येतो.